अठरा मू आणि तीन एकर

आमच्या सातबाऱ्यावर क्षेत्र आहे १ हेक्टर २१ आर. बोलीत तीन एकर. त्यातले चार आर पोटखराब, कारण एका कोपऱ्यातून ओढा जातो. औसा तालुक्यातली काळी जमीन. एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. गेल्या वर्षी सोयाबीनची रास झाल्यावर बांधावर बसलो होतो. एकरी साडेपाच क्विंटलचा उतारा पडला होता, त्यामुळे कुणी फार बोलत नव्हतं. बोलता बोलता चीनचा विषय निघाला आणि काका म्हणाले, "त्यांचं नकू सांगू. केवढा देश हाय त्यो, आपल्या तिप्पट. जमीनच जमीन. आपल्यात भावाभावात वाटून पार तुकडं झालेत, त्यात काय पिकणार?"

काकांना दोष देत नाही. हीच दोन वाक्यं, जरा इस्त्री केलेली, मी कृषी परिषदांत ऐकली आहेत, कर्ज वाटणाऱ्या साहेबांकडून ऐकली आहेत आणि निवडणुकीच्या सभांतही. चीनकडे जमीन जास्त आणि आपल्या जमिनीचे तुकडे फार. पहिलं वाक्य नकाशा बघून खरं वाटतं. दुसरं इतकं रुळलंय की ते तपासावं असं कुणाला वाटतच नाही. माझ्या मते दोन्ही चुकीची आहेत. त्यातही दुसरं जास्त नुकसान करतं, कारण त्याच्या आडोशाने आपण भलतंच काही गमावतोय.

आधी नकाशा. चीनचं क्षेत्रफळ सुमारे ९६ लाख चौरस किलोमीटर, भारताचं ३२.८७ लाख. म्हणजे काकांचं 'तिप्पट' जवळपास बरोबर. पण देशाच्या क्षेत्रफळावर पीक येत नाही, ते वहितीखालच्या जमिनीवर येतं. चीनने आपल्या जमिनीची तिसरी राष्ट्रीय पाहणी केली, तीत २०१९ अखेर शेतजमीन भरली सुमारे १२.८ कोटी हेक्टर. आपलं निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर आहे, तेही पड जमीन वगळून. शंभर हेक्टरांमागे चीनचे तेरा हेक्टर नांगराखाली येतात, आपले बेचाळीस-त्रेचाळीस. उरलेल्या चीनमध्ये तिबेटचं पठार आहे, तकलामाकानचं आणि गोबीचं वाळवंट आहे, उभे डोंगर आहेत. हू हुआनयोंग या भूगोलतज्ज्ञाने १९३५ मध्ये ईशान्येच्या टोकापासून ब्रह्मदेशाच्या सरहद्दीपर्यंत नकाशावर एक तिरकी रेघ मारून दाखवली होती. आजही त्या रेघेच्या आग्नेयेला चीनची चौऱ्याण्णव टक्क्यांच्या आसपास माणसं राहतात आणि पलीकडच्या अर्ध्याहून मोठ्या देशात उरलेली मूठभर. आपल्याकडे अशी रेघ मारायला गेलं तर कुठे मारणार? राजस्थानचं वाळवंट आणि हिमालयाचा वरचा पट्टा सोडला तर जिकडे जावं तिकडे कुणीतरी काहीतरी पेरलेलं असतं.

त्यात आपला हिवाळा. डिसेंबरात उत्तर चीनमधली बरीच जमीन गोठलेली असते, तेव्हा आपल्याकडे ज्वारी हुरड्यात येत असते. खरीप-रब्बी-उन्हाळी धरून आपलं एकूण पीकक्षेत्र २१ कोटी हेक्टरांच्या घरात जातं, चीनचं सुमारे १७ कोटी. लोकसंख्या दोन्हीकडे १४० कोटींच्या आसपास, आणि २०२३ पासून आपण थोडे पुढे. तेव्हा जमिनीच्या बाबतीत श्रीमंत भाऊ आपण आहोत. गरीब भावाला जपून वागावं लागतं आणि श्रीमंताला तशी गरज वाटत नाही, हे घरोघरी दिसतं.

आता पिकतं किती? २०२४ मध्ये चीनचं धान्य उत्पादन पहिल्यांदाच ७० कोटी टनांच्या वर गेलं. आपलं २०२३-२४ चं अन्नधान्य उत्पादन ३३ कोटी टन. दुप्पट आणि वर थोडं, असं म्हणून लेखक मंडळी मोकळी होतात. इथे मात्र थांबायला हवं. चीनच्या 'धान्यात' सोयाबीन धरतात, बटाटे-रताळीही धरतात (पाच किलोचा एक किलो, या हिशेबाने), आणि भाताची साळ कोंड्यासकट मोजतात. आपण कोंडा काढलेला, सडीक तांदूळ मोजतो. साळीचा तांदूळ करताना सव्वातीनाला एक या बेताने वजन गळतं, हे कोकणात कुणालाही विचारा. या सगळ्या वजावटी केल्या तर सत्तर कोटींचे साठ कोटींच्या आत येतात. दुपटीची पावणेदोन पट होते. तरी फरक मोठाच आहे, आणि तो आपल्यापेक्षा कमी जमिनीवर काढलेला आहे. गव्हाचा त्यांचा सरासरी उतारा हेक्टरी पावणेसहा टनांच्या आसपास, आपला साडेतीन. मक्यात ते साडेसहाला पोचलेत, आपण साडेतीनच्या आतबाहेर.

मग काकांचं दुसरं वाक्य. तुकडे.

चीनमध्ये जमीन 'मू'मध्ये मोजतात. पंधरा मूंचा एक हेक्टर. म्हणजे एक मू साडेसहा गुंठ्यांहून किंचित मोठा. माझ्या तीन एकरांचे अठरा मू होतात. चिनी शेतकरी कुटुंबाकडे सरासरी असते अर्ध्या हेक्टरच्या आसपास जमीन, सात-आठ-नऊ मू, आणि तीही बहुतेकदा एका ठिकाणी नसते. भारताची सरासरी धारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.०८ हेक्टर होती, महाराष्ट्राची १.३४. आपण ज्यांना अल्पभूधारक म्हणून हळहळतो ते तिथे गावातले बरे शेतकरी ठरतील.

याहून बोलकी गोष्ट इतिहासात आहे. माओच्या काळात चीनमध्ये तुकडे नव्हतेच. सगळी जमीन कम्यूनची, म्हणजे सामूहिक शेतीच्या संस्थेची, आणि एकेक कम्यून हजारो हेक्टरांचा. ट्रॅक्टरवाद्यांचं स्वप्नच म्हणा. १९७८ च्या हिवाळ्यात आनह्वी प्रांतातल्या श्याओगांग गावातल्या अठरा कुटुंबांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले आणि सामूहिक जमीन घरागणिक वाटून घेतली. पकडले गेलो तर एकमेकांची पोरं सांभाळू, असं त्यात ठरलं होतं. पुढे सरकारनेच ती पद्धत देशभर लागू केली. १९७८ मध्ये ३०.५ कोटी टन असलेलं धान्य १९८४ मध्ये ४०.७ कोटी टनांवर गेलं. त्याच काळात सरकारने खरेदीचे भाव वाढवले होते, खतंही जास्त मिळू लागली होती, त्यामुळे सगळं श्रेय वाटणीला देता येणार नाही. पण मोठ्या शेतीचे तुकडे केले आणि उत्पादन वाढलं, एवढं तर त्यातून दिसतंच. ज्या देशाचं उदाहरण देऊन आपल्याला तुकडे जोडायला सांगतात, तो देश तुकडे पाडून पोटभर जेवायला लागला.

लहान शेतात यंत्र फिरत नाही, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. यंत्र मालकीचं असलं तरच फिरत नाही. चीनमध्ये गव्हाच्या काढणीला कम्बाइन हार्वेस्टरांचे तांडे दक्षिणेकडून उत्तरेकडे पिकत्या गव्हाच्या मागोमाग सरकत जातात, भाड्याने. आपल्याकडेही पंजाबातून हार्वेस्टर येतात. आमच्या शेजारच्या दोन एकर हरभऱ्यावर एक सरदारजी तासाभरात मशीन फिरवून गेला, आणि बांधाच्या कडेने राहिलेलं पीक विळ्याने काढलं. अडचण झाली ती बांधाची कमी आणि रस्त्याची जास्त. पाणंद इतकी अरुंद आणि अतिक्रमणाने खाल्लेली की मशीन शेतात आणायलाच अर्धा दिवस गेला. पाणंद मोकळी करणं हे जमिनी एकत्र करण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. पण त्याच्यावर परिषद कोण भरवणार?

तुकड्यांबद्दल ओरडणाऱ्यांची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. अर्ध्या हेक्टरमध्ये उतारा चांगला येतो, घर चालत नाही. चिनी शेतकरी कुटुंब आज शेतीवर जगत नाही. मुलगा शेन्झेनला नाहीतर जवळच्या शहरात कारखान्यात असतो, सून हॉटेलात, आणि आठ मू बघायला म्हातारी माणसं. तिथली शेती टिकली ती कारखान्यांच्या पगारावर. आपल्याकडे कमतरता आहे ती त्या पगाराची. महाराष्ट्रात १९७०-७१ ला सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, तिची पुढच्या पंचेचाळीस वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून कमी झाली, कारण वाटणी मागणाऱ्या भावाला दुसरीकडे कुठे जागाच नव्हती. तुकडा हा ताप आहे, रोग दुसरीकडे आहे. १९४७ चा तुकडेबंदी कायदा गेली पाऊणशे वर्षं थर्मामीटर फोडून ताप उतरवायचा प्रयत्न करतोय. लोकांनी वाटण्या कागदावर केल्या नाहीत, बांधावर केल्या, एवढाच त्याचा परिणाम. आणि मग एकाच सातबाऱ्यावर नऊ नावं आणि कुणालाच पीककर्ज नाही.

फरक तुकड्यांचा नाही, तर कशाचा? माझीही आधी समजूत होती की पाण्याचा. तशी ती अर्धवटच खरी निघाली. भिजणाऱ्या जमिनीचं प्रमाण दोन्ही देशांत निम्म्याहून थोडं वर, जवळपास सारखंच आहे. पण आपलं साठ टक्क्यांहून अधिक सिंचन विहिरी-बोअरवर चालतं, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या हिमतीवर, कर्जावर आणि रात्रीच्या विजेवर केलेलं. महाराष्ट्रात तर ओलीत जमीन पाचव्या हिश्श्याच्या आसपासच घोटाळते आणि त्यातलं बरंचसं पाणी ऊस पितो. उरलेला फरक बियाण्यात आहे, संशोधनात आहे. चिनी भातशास्त्रज्ञ युआन लोंगपिंग यांनी संकरित भात शेतापर्यंत नेला तो १९७० च्या दशकात. खतात तर आहेच, आणि इथे चीनचं कौतुक जरा आवरतं घ्यायला हवं. हेक्टरी खत ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओततात. इतकं की २०१५ मध्ये त्यांच्याच सरकारला 'खताची वाढ आता शून्यावर आणा' असं जाहीर करावं लागलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीत शेतजमिनीच्या नमुन्यांपैकी १९.४ टक्के नमुने प्रदूषणाच्या मर्यादेबाहेर निघाले. त्याच्या आदल्या वर्षी ग्वांगझौच्या बाजारातल्या तांदळात कॅडमियम हा विषारी धातू सापडला होता, आणि तो तांदूळ मुख्यतः हूनान प्रांतातला होता. तेव्हा त्यांचा सहा टनांचा गहू बघून आपल्या साडेतीन टनांची लाज वाटली, तरी त्या सहा टनांत कारखान्यांचं किती आणि मातीचं किती, हेही विचारावं.

आणि एवढं करूनही चीनला आपली जमीन पुरत नाही. २०२४ मध्ये त्यांनी दहा कोटी टनांहून जास्त सोयाबीन आयात केलं, बहुतेक ब्राझील आणि अमेरिकेतून, डुकरांच्या-कोंबड्यांच्या खाद्यासाठी आणि तेलासाठी. ब्राझीलच्या उताऱ्याने, म्हणजे हेक्टरी सव्वातीन-साडेतीन टनांनी, हिशेब केला तर त्या सोयाबीनला सुमारे तीन कोटी हेक्टर जमीन लागते. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ ३.०७ कोटी हेक्टर आहे. म्हणजे सह्याद्रीचे कडे, मेळघाट, उजनीचं पात्र, मुंबईच्या इमारती हे सगळं सपाट करून गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत नुसतं सोयाबीन पेरलं, तेही ब्राझीलच्या उताऱ्याने, तेव्हा कुठे चीनची एका वर्षाची परदेशी गरज भागेल. आमच्या साडेपाच क्विंटलने पेरलं तर अडीच महाराष्ट्र लागतील. देशाची जमीन त्याच्या सरहद्दीत संपते असं शाळेत शिकलो, ते अर्धंच खरं. आपणही यातून सुटलेलो नाही. खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त आपण बाहेरून आणतो. म्हणजे आपल्या कढईखाली इंडोनेशिया-मलेशियातली पामची बाग आहे आणि अर्जेंटिनाचं शेत आहे. फक्त सातबाऱ्यावर त्यांची नोंद नसते.

या टंचाईतून चीनने एक गोष्ट केली, आणि माझ्या लेखाचा रोख तिच्यावरच आहे. २००६ मध्ये त्यांनी ठरवलं की देशातली शेतजमीन १८० कोटी मूंच्या, म्हणजे १२ कोटी हेक्टरांच्या खाली जाऊ द्यायची नाही. तिला ते लाल रेषा म्हणतात. ती रेषा पवित्र आहे असं मी म्हणत नाही. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत त्यांची शेतजमीन ७५ लाख हेक्टरांनी घटली, रेषेकडे सरकली. काही जमीन फळबागांत गेली, काही सरकारनेच झाडं लावायला काढली. शेतजमिनीवर इमारत बांधली तर तेवढीच जमीन दुसरीकडे तयार करून द्यायची, असा नियम त्यांनी १९९८ मध्ये कायद्यात आणला, तर नदीकाठची कसदार जमीन घेऊन डोंगरावरचा मुरमाड उतार बदल्यात दाखवण्याची कला स्थानिक अधिकाऱ्यांनी साधली. शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची सोय तर जवळजवळ नाहीच. जमीन गावाच्या सामूहिक मालकीची. स्थानिक सरकार ती घेतं, मोबदला कित्येक वर्षं त्या जमिनीतल्या पिकाच्या किमतीवर ठरवत आलं, आणि तीच जमीन बिल्डरला विकून तिजोरी भरत आलं. असला कारभार आपल्याला नको.

पण निदान आकडा तरी आहे. कुणीतरी मोजलं, आणि याच्या खाली नाही असं म्हटलं. आपल्याकडे असा आकडा कुठला? निव्वळ पेरणी क्षेत्र १९७०-७१ पासून १४ कोटी हेक्टरांवर अडून आहे, हे वाचून सगळं सुरक्षित आहे असा समज होतो. पण जमीनवापराच्या त्याच सरकारी तक्त्यात खाली बघा: बिगरशेती वापराखालची जमीन १९५०-५१ मध्ये ९४ लाख हेक्टर होती, ती आता अडीच कोटींच्या पुढे गेली आहे. पुण्याभोवतीची, नाशिकभोवतीची, लातूरभोवतीची विहीर-बागायत जमीन बिनशेती होते, आणि कुठेतरी माळ फोडून, गायरान वहितीखाली घेऊन बेरीज पुन्हा १४ कोटी येते. चीनच्या अधिकाऱ्यांची ती कला आपल्याकडे कुणी न ठरवताच घडते आहे. मोजमाप हेक्टरांत असलं की काळी जमीन आणि मुरूम एकाच भावाने जातात. आपल्या पणजोबांच्या काळातली आकारणी याहून शहाणी होती. ती जमिनीची प्रत लावायची, आण्यात.

कायदा नाही असंही नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दहाव्या कलमात म्हटलं आहे की ओलिताची, एकाहून अधिक पिकं देणारी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, आणि घेतली तर तेवढीच लागवडीयोग्य पडीक जमीन विकसित करावी किंवा तिची किंमत भरावी. चीनच्या नियमाचा सख्खा भाऊच. पण त्याच कलमात सूट आहे: रेल्वे, महामार्ग, कालवे, वीजवाहिन्या अशा सरळ रेषेतल्या प्रकल्पांना हे लागू नाही. आणि आज जमीन सगळ्यात जास्त जाते आहे ती सरळ रेषांतच. समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटरची रेषा झाली, शक्तिपीठची आखली जाते आहे. त्याला कोल्हापूर-सांगलीकडचा शेतकरी विरोध करतो तेव्हा त्याला विकासविरोधी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला तर त्याच्या विरोधात दहावं कलम आपल्यालाही लावा, हेच ऐकू येतं. शिवाय महामार्ग स्वतः जेवढी जमीन खातो त्याहून जास्त त्याच्या दोन्ही अंगांना लागलेले प्लॉटविक्रीचे फलक खातात.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक जिल्ह्याने आपली वरच्या प्रतीची जमीन, पाण्याखालची आणि खोल काळी, गट क्रमांकानिशी जाहीर करावी आणि तिला बिनशेतीचा दरवाजा बंद करावा, रेषा सरळ असो की वाकडी. वसाहत, गोदाम, सोलरचे पट्टे हे सगळं माळावर जाऊ शकतं, आणि मराठवाड्यात माळ काही कमी नाही. या बदल्यात त्या शेतकऱ्याला दरवर्षी काहीतरी द्यावं लागेल, कारण शेजाऱ्याला गुंठ्याचा भाव मिळत असताना याने एकराच्या भावावर देशासाठी बसून राहावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. हे पैसे कुठून आणायचे, यावर वाद व्हावा. बिनशेतीच्या आकारणीतूनच ते निघावेत असं मला वाटतं.

आमच्या शेतासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दोन एकरांचं प्लॉटिंग पडलं आहे. काळ्या मातीवर फूटभर मुरूम, त्यावर रोलर, आणि चुन्याने रंगवलेले क्रमांकाचे दगड. घर एकही नाही. तीन पावसाळे गेले. मुरमातून फक्त गाजरगवत वर आलंय. सातबारा ऑनलाइन काढून बघितला, तर पिकाच्या रकान्यात अजून सोयाबीन आहे.

काकांना मूचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं. "म्हंजी अठरा मू. तिकडं दोन घरं खात्याल की यावर." मग जरा वेळाने म्हणाले, की त्या प्लॉटिंगवाला परवा येऊन गेला. आपला बांध रोडटच आहे, म्हणून एकराचा नाही, गुंठ्याचा भाव सांगून गेलाय. दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे.